चार ठिपके आणि चार नौका

तिरळेपणाची तपासणी करताना नेत्रतज्ज्ञ उजव्या डोळ्यापुढे लाल काच आणि डाव्या डोळ्यापुढे हिरवी काच लावतात. समोर चार उजळ ठिपके असतात, एक लाल, दोन हिरवे, एक पांढरा. 'किती दिसतात?' एवढाच प्रश्न. चार दिसले, तर दोन्ही डोळ्यांतली चित्रं मेंदू एकत्र जुळवतो आहे. दोन लाल दिसले, तर डाव्या डोळ्याचं चित्र तो दडपतो आहे. तीन हिरवे म्हणजे उजव्याचं. पाच दिसले, तर डोळे दोन्ही चालू आहेत, पण मेळ नाही.

ही चाचणी क्लॉड वर्थ (१८६९–१९३६) यांच्या नावाने ओळखली जाते. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातले हे शल्यविशारद. आणि इंग्लंडमध्ये शिडाच्या नौकेतून दूरचा प्रवास करणाऱ्या हौशी दर्यावर्दींचे जणू गुरूच.

तिरळ्या मुलांवरचं त्यांचं पुस्तक १९०३ मध्ये आलं. त्यामागे दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी होत्या. त्यांचे रुग्ण इतके लहान, की अक्षरांचा तक्ता निरुपयोगी. मग वर्थ यांनी हस्तिदंताचे पाच आकारांचे गोळे घेतले. सर्वांत लहान अर्ध्या इंचाचा, सर्वांत मोठा दीड इंचाचा. एक डोळा झाकून ते जमिनीवर टाकायचे, आणि मूल कोणता गोळा शोधून उचलतं ते पाहायचं. मुलाला तो खेळच वाटणार! बोलताही न येणाऱ्या रुग्णाकडून दृष्टीचं मोजमाप काढून घेण्याची ही युक्ती अतिशय सुंदर आहे.

वापरला न गेलेला तिरळा डोळा बालपणातच मंद होत जातो. डोळा शाबूत असतो, मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. म्हणून वर्थ चांगल्या डोळ्यात अॅट्रोपीनचे थेंब घालून त्याची जवळची नजर धूसर करत, म्हणजे मंद डोळ्याला कामाला लागणं भाग पडे. पुढे शतकभर डोळ्यावर पट्टी बांधण्याचाच मार्ग अधिक रूढ राहिला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवून दिलं की मध्यम स्वरूपाच्या मंददृष्टीत थेंब आणि पट्टी जवळपास सारखेच उपयोगी ठरतात.

रुग्णालयाबाहेरच्या वर्थना समुद्र बोलावत असे. त्यांच्या नौकांची नावंही समुद्रपक्ष्याची, 'टर्न' म्हणजे आपला सुरय. एकामागून एक चार 'टर्न' झाल्या. चौथी १९२४ मध्ये पाण्यात उतरली. १९१० चं त्यांचं 'यॉट क्रूझिंग' हे पुस्तक वाचताना साहसाच्या फुशारक्या शोधू नयेत. नांगर किती जड हवा, साखळी किती लांब सोडावी, डोलकाठीचे दोर कसे असावेत, अशा बारकाव्यांनी ते भरलं आहे. दवाखान्यात मुलांच्या नोंदी ठेवणारा माणूस इथे वाऱ्याच्या आणि लाटांच्या नोंदी ठेवतो. किनाऱ्यापासून दूर, मदतीला कुणी नसताना, याच तपशिलांवर जीव अवलंबून असतो. १९२७ मध्ये आलेल्या दुसऱ्या मोठ्या पुस्तकाचा विषय नौकानयन आणि लांबचे प्रवास हा होता. त्यांचा मुलगा टॉम पत्नीसह १९५० च्या दशकात 'बियाँड' या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आला.

वैद्यकातला त्यांचा मूळ सिद्धान्त मात्र टिकला नाही. दोन प्रतिमा जुळवण्याची शक्ती जन्मतःच दुबळी असते, म्हणून डोळा तिरळा होतो, असं ते मानत. त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी फ्रान्सिस बर्नार्ड शव्हास यांनी वर्थच्या तिरळेपणावरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढली आणि आतला विचारच उलटा केला: ही क्षमता बहुतेक बाळांत असते, डोळे वाकडे राहिल्यामुळे ती खुंटते, तेव्हा ते लवकर सरळ करा. तान्ह्या वयातल्या तिरळेपणावर आज लवकर शस्त्रक्रिया करतात ती याच विचाराने. १९५० च्या आवृत्तीवर मात्र वर्थ आणि शव्हास, दोघांचीही नावं शेजारी छापलेली होती.