आजोबांचे आजोबा कुठे सापडतात?

युरोपात वंशावळ शोधणारे चर्चच्या नोंदवह्या चाळतात. आपल्या सावली तालुक्यात तेच काम कोतवाल बुकातून होतं. यात गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. पण बाळाचं नाव बरेचदा नसतंच, नुसतं ‘मुलगा’ आणि पुढे बापाचं नाव. म्हणून आजोबांचं नाही, पणजोबांचं नाव शोधा. मी दोन दिवस उगाच आजोबांच्या मागे लागलो होतो!

तहसीलीत नकलेचा अर्ज करताना १९५४-५५चा अधिकार अभिलेखही मागा. शेत कोणाकडून कोणाकडे आलं, तिथून नातं उलगडतं. जुन्या कागदावर जिल्हा ‘चांदा’ (म्हणजे आजचा चंद्रपूर) असतो. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ला वेगळा झाला, त्यामुळे वैनगंगेपलीकडच्या सोयऱ्यांचे त्याआधीचे कागदही चांदा किंवा चंद्रपूर याच नावानं आहेत. १९५६पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, तेव्हा मधेच हिंदी दिसली तर दचकू नका.

मग माझी स्वप्नातली सहल: त्र्यंबकेश्वर. तिथले तीर्थोपाध्याय गाव-आडनावावरून यजमानांच्या वंशावळीच्या वह्या काढतात. आमच्याकडचं कोणी तिथवर गेलं होतं का, कोण जाणे. आजी म्हणते, “गेले असतील तर पायीच गेले असतील.”