बेडरॉकचं बाळ आणि बऱ्हाणपूरची ताई

मे महिन्यातलं बऱ्हाणपूर ज्यानं सोसलंय त्यालाच ठाऊक, तिथं दुपारी माणूस घराबाहेर का पडत नाही ते. तापीकाठचं हे जुनं शहर त्या दिवसांत अकराच्या सुमाराला दारं लावून घेतं, ती पाच-साडेपाचला उघडतं. २००४ च्या सुट्टीत आम्ही तिथं होतो. बऱ्हाणपूरचा जिल्हा होऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी नुकतीच एम.ए.ची परीक्षा देऊन मोकळी झालेली. बरोबर अव्वा आणि दादाची दोन मुलं. गोवा एक्स्प्रेसनं भुसावळपर्यंत आणि तिथून पुढं तासाभराचा प्रवास करून आम्ही ताईच्या घरी उतरलो होतो.

आमच्या घराचं वाचकांना वेगळं सांगायला नको, कारण तुमच्यातल्या अनेकांची घरं तशीच आहेत. वडील मराठी, अव्वाचं माहेर गोकाककडचं कन्नड. आम्ही भावंडं भांडायला मराठी आणि लाड करून घ्यायला कन्नड वापरत मोठे झालो. ताई मात्र दूर, मध्य प्रदेशातल्या मराठी घरात पडली. दाजींचा यंत्रमागाचा धंदा. घरात खानदेशी वळणाची मराठी, बाजारात हिंदी आणि निमाडी. असल्या घरात दुपारी मुलांना गप्प बसवायला एकच उपाय होता. वीज असली तर टीव्ही, आणि टीव्हीवर कार्टून नेटवर्क.

त्या सुट्टीत मुलांना वेड लागलं होतं ते ‘फ्लिन्टस्टोन्स’चं. वाघाच्या कातड्यासारखा ठिपक्यांचा झगा घातलेला, अनवाणी पायांनी मोटार पळवणारा फ्रेड आमच्यासमोर हिंदीतून ओरडत असे. अव्वाला हिंदी बेताचीच. मुलं तिला मराठीत सांगत, ती मध्येच कन्नडमध्ये शेरा मारी आणि ताईच्या सासूबाई विचारत, “विहीणबाई काय म्हणाल्या?” एका विनोदावर तीनदा हसायची सोय होती.

दगडाच्या काळातला शेजार

ही मालिका मुळात मुलांसाठी नव्हतीच, हे आज अनेकांना खरं वाटणार नाही. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीनं ती केली. अमेरिकेत ३० सप्टेंबर १९६० ला एबीसी वाहिनीवर ती सुरू झाली आणि १ एप्रिल १९६६ पर्यंत चालली. एकूण १६६ भाग झाले. सगळं घर जेवून टीव्हीपुढं बसतं त्या संध्याकाळच्या वेळेला दाखवलेली ही अर्ध्या तासाची पहिली कार्टून मालिका. ‘द हनीमूनर्स’ या त्या काळच्या गाजलेल्या विनोदी मालिकेची तिच्यावर उघड छाप आहे. सुरुवातीला तिचा प्रायोजक होता सिगारेटचा कारखाना, आणि जाहिरातीत फ्रेड-बार्नी झुरके मारताना दिसत. पुढं घरात बाळ येण्याच्या सुमाराला सिगारेट गेली आणि तिच्या जागी द्राक्षाच्या रसाची कंपनी आली.

गाव बेडरॉक. फ्रेड दगडाच्या खाणीत डायनासोरच्या पाठीवर बसून काम करतो. बायको विल्मा त्याच्यापेक्षा शहाणी. शेजारी बार्नी आणि बेटी. फ्रेड-बार्नीची जोडी पाहताना आपल्या चिमणराव-गुंड्याभाऊंची आठवण यावी. एकाच्या डोक्यातून योजना निघते आणि दुसरा निमूट त्याच्यामागं खड्ड्यात पडतो.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी मुलांना सांगून पाहिलं की डायनासोर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच संपले, माणसानं ते कधी पाहिलेच नाहीत. पुतण्या म्हणाला, “आत्या, तू गप बस.” त्याचं बरोबर होतं. त्या मालिकेत दगड आहे तो फक्त भिंतीला. आतलं घर अगदी आजचं आहे. हत्तीच्या सोंडेतून पाणी येतं, पक्ष्याची चोच तबकडीवर सुईचं काम करते. पण नवरा पगाराची चिंता करतो, बायकोला नवं काहीतरी हवं असतं आणि सासू आली की जावई पळवाट शोधतो.

१९६० च्या ऑक्टोबरातल्या एका भागात दोन्ही शेजारी मिळून एकच पोहण्याचा तलाव करतात, अर्धा याच्या अंगणात, अर्धा त्याच्या. मग त्याच तलावावरून भांडण. तो भाग पाहून अव्वा खूप हसली आणि म्हणाली, “ह्यांच्याकडं बी सीमाप्रश्न हाय की!” आपल्या भागातल्या माणसाला यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नाही.

एका संध्याकाळी दाजींनी आम्हाला कुंडी भंडारा दाखवायला नेलं. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमाराला केलेली ही पाण्याची योजना. सातपुड्याकडून जमिनीखालून झिरपत येणारं पाणी भुयारात धरायचं आणि विहिरीसारख्या कुंड्यांच्या ओळीनं ते शहरापर्यंत आणायचं. दगडात खोदलेल्या त्या तोंडातून खाली डोकावून धाकटी पुतणी म्हणाली, “हे फ्रेडनं खणलंय!” सगळे हसले. ताईसुद्धा. त्या सुट्टीत ती मोकळेपणी हसली ती तेवढीच.

दारातलं बाळ

ताईच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. दवाखाने झाले, उपास झाले, नवस झाले. तिचं घर वाईट नव्हतं, कुणी टाकून बोलत नव्हतं. पण हळदीकुंकवाला ओटी भरताना एखादा हात क्षणभर थांबे, आणि तो थांबलेला हात ताईला दिसे. आम्ही माहेरचे मात्र तो विषय काढतच नव्हतो. न बोलणं म्हणजे माया, असं आम्ही धरून चाललो होतो.

अशा एका दुपारी तो भाग लागला. मूळचा १९६३ च्या ऑक्टोबरातला. त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्रेड आणि विल्माला पेबल्स ही मुलगी झालेली असते. (आधी मुलगा करायचं ठरत होतं, पण बाहुल्या मुलीच्या खपतात म्हणून मुलगी झाली. व्यापारासाठी का होईना, मुलगी हवी झाली, हे आपल्याकडं सांगण्यासारखंच.) बार्नी आणि बेटीला मूल नसतं. ती दोघं दिवसभर शेजारच्या पेबल्सपाशीच घुटमळतात. शेवटी फ्रेड वैतागतो आणि बोलू नये ते बोलून जातो, तुम्ही स्वतःचं मूल का आणत नाही म्हणून.

खोलीत एकदम शांतता झाली. पंख्याचा तेवढा आवाज. मी रिमोट शोधत होते.

पुढं ती दोघं रात्री आभाळातला तुटता तारा बघून मूल मागतात आणि सकाळी दारात बाळ असतं. हातात सोटा घेतलेला, भलताच ताकदवान बॅम-बॅम. मग एक श्रीमंत जोडपं त्याच्यावर हक्क सांगतं आणि प्रकरण कोर्टात जातं. पुतणीनं सगळं डोळे विस्फारून पाहिलं आणि वळून विचारलं, “मोठी आत्या, तुझ्या दारात पण येईल का गं असं बाळ?”

कुणी काही बोलायच्या आत अव्वा म्हणाली, “साकिद मक्कळू मक्कळे री.”

सासूबाईंनी नेहमीप्रमाणे माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशी अर्थ सांगताना माझी जीभ जड झाली. म्हटलं, “सांभाळलेली मुलंही आपलीच मुलं, असं म्हणतीय.” सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग ताईला म्हणाल्या, “हे तुम्ही दोघांनी कधी मनात आणलं होतं का?” ताई म्हणाली, “चार वर्षं झाली. तुम्हाला विचारायचा धीर होत नव्हता.”

चार वर्षं! आणि आम्ही सगळे तिला दुखवायला नको म्हणून गप्प होतो.

इनामगावची मडकी

पुढं मी शिकवायला लागले आणि दरवर्षी वर्गात इनामगाव येऊ लागलं. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं, त्याही आधीपासून नांदतं असलेलं शेतकऱ्यांचं गाव. तांबं आलेलं होतं, तरी हातात दगडाची पातीही होती. फ्लिन्टस्टोन्सच्या खोट्या दगडी गावापेक्षा हे आपलं खरं गाव.

तिथं घराच्या जमिनीखाली मडकी सापडली. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली, आणि आत लहान मुलांची हाडं. कर्नाटकात ब्रह्मगिरीलाही नवाश्मयुगातल्या लोकांनी अशीच लहानग्यांना मडक्यात ठेवून वस्तीतच पुरलेलं आढळलं. त्यामागं त्यांची श्रद्धा काय होती, हा विद्वानांचा विषय. पण गेलेलं मूल रानात न नेता आपल्या झोपायच्या जागेखाली ठेवणारी ती माणसं होती. हे शिकवताना मला दरवेळी ताईची ती खोली आठवते. मुलाची ओढ दगडाच्या काळापासून आहेच. ते मूल कुणाच्या पोटचं, हा हिशेब आपण पुढं फार मोठा करून ठेवला.

आपल्याकडं दत्तक होतंच, नाही असं नाही. पण ते बहुधा गादीसाठी, वतनासाठी, पाणी द्यायला हवा म्हणून, आणि तेही भाऊबंदातलाच मुलगा. अनोळखी पोटची मुलगी घरी आणायची, ही गोष्ट वेगळी.

साकु

ताईच्या दारात बाळ आपोआप आलं नाही. तारा तुटला नाही. अर्ज झाला, घर पाहायला माणसं आली, वैद्यकीय दाखले, मिळकतीचे कागद, मग वाट पाहणं. ती दोन वर्षं माणसाचा कस लावणारी होती. २००६ मध्ये आठ महिन्यांची मुलगी घरी आली. सासूबाईंनी स्वतः बारसं केलं. अव्वानं पाळण्याशी कन्नड गाणं म्हटलं, आणि त्यांनी त्याचा अर्थ विचारला नाही.

ज्यांच्या मनात हा विचार आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं सांगते. आता नोंदणी ‘कारा’ या केंद्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर करावी लागते. दत्तकाचा आदेश पूर्वी कोर्टातून मिळे. २०२१ ची कायद्यातली दुरुस्ती सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, तेव्हापासून तो जिल्हा दंडाधिकारी देतात. आणि कार्टूनमध्ये दाखवलं तसं दारातलं बाळ उचलून ठेवून घेता येत नाही. असं बाळ सापडलं तर २४ तासांच्या आत १०९८, पोलीस किंवा बाल कल्याण समितीला कळवावंच लागतं. दवाखान्यातून परस्पर मूल मिळवून देतो म्हणणाऱ्यांच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका.

माझी भाची आता कॉलेजात जाते. ती दत्तक आहे हे तिला कळायला लागल्यापासून माहीत आहे. तिला विचारूनच हे लिहिते आहे. मागच्या दिवाळीत मी तिला त्या दुपारची गोष्ट सांगितली आणि आम्ही दोघींनी तो भाग पुन्हा पाहिला. शेवट मी विसरले होते. श्रीमंत जोडपं खटला जिंकतं, पण त्यांना स्वतःचं मूल होणार असल्याचं कळतं आणि ते बॅम-बॅमवरचा हक्क सोडतात. बाळ बार्नी-बेटीकडं राहतं. सगळे खूश.

भाची खूश झाली नाही. म्हणाली, “मावशी, त्या बाईला दोन्ही ठेवता आली असती की. स्वतःचं येणार म्हटल्यावर हे नको कसं झालं?”

मला उत्तर सुचलं नाही. साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत संध्याकाळच्या कार्टूनमध्ये मूल नसलेलं जोडपं दाखवायला धैर्य लागलं असणार, त्याचं श्रेय आहेच. पण रक्ताचं मूल आलं की दुसरं परत करता येतं, ही अढी त्यांच्याही मनातून गेली नव्हती. आम्ही हसत पाहिलेल्या गोष्टीतली ती फट जिला दिसायला हवी होती तिलाच दिसली.

ताई तेव्हा स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर येऊन तिनं मुलीच्या ताटात आणखी एक मावा जिलेबी वाढली. भाचीनं हात आडवा धरला आणि आजीकडून शिकलेल्या मोजक्या कन्नड शब्दांतला एक वापरला, “साकु, आई, साकु!”

साकु म्हणजे पुरे. साकु म्हणजेच सांभाळ. आपल्या वाचकांना हे दोन्ही अर्थ ठाऊक आहेत. बऱ्हाणपूरच्या त्या घरात मात्र ते एकदमच ऐकू आले, आणि ताईनं जिलेबी ताटात तशीच ठेवली.