उलटलेला टीबी: जुना की नवा?

कल्याण-नगर रस्त्याने आळेफाटा मागे टाकला की आणे घाट लागतो आणि वर आण्याचं कोरडवाहू पठार. इथल्या जुन्नर-आंबेगावची कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईवर चालली. कुणी डबे पोचवले, कुणी माथाडी झाला. माणसांबरोबर त्यांच्या छातीतला जंतूही ये-जा करत राहिला. अशा घरात एचआयव्हीसह जगणाऱ्याला टीबी दुसऱ्यांदा झाला की पहिला शेरा ठरलेला: गोळ्या बुडवल्या असणार.

हा शेरा तपासायचा तर दोन्ही वेळच्या जंतूंचा वाण ताडून बघावा लागतो. क्षयाच्या जंतूची ४४ लाख अक्षरांची जनुकीय संहिता १९९८ मध्ये वाचली गेली. त्याआधीच संहितेतले ४३ ठरावीक तुकडे आहेत की नाहीत, एवढं पाहून वाण ओळखण्याची स्पोलिगोटायपिंग पद्धत आली होती. ढोबळमानाने दक्षिण भारतात हिंदी महासागरी वंश जास्त, उत्तरेत मध्य आशियाई. मुंबईत दोन्ही, शिवाय बहुऔषधरोधी रुग्णांत बीजिंग वंशही सापडला. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चच्या संशोधकांनी २०१० मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या जंतूंचं मोठं वैविध्य नोंदवलं. काही वाणांचं नातं औषधरोधाशी, फुप्फुसातल्या पोकळीशी आणि फसलेल्या उपचारांशी दिसलं.

एचआयव्हीच्या बाबतीत सगळ्यात बोलका पुरावा चेन्नईचा. तिथल्या क्षयरोग संशोधन केंद्राने पहिल्या आणि दुसऱ्या आजारातले जंतू ताडून पाहिले. एचआयव्ही नसलेल्यांत बहुतेक वेळा जुनाच जंतू उलटला होता. एचआयव्ही असलेल्यांत मात्र बहुतेकांना बाहेरून नवा जंतू लागला होता. म्हणजे गोळ्या नेमाने घेऊनही माणूस पुन्हा आजारी पडू शकतो, आणि दोष घरातल्या, एसटीतल्या, वॉर्डातल्या कोंदट हवेचा असू शकतो. दक्षिण आफ्रिकेतल्या टुगेला फेरी या गावात तर अतिऔषधरोधी टीबीच्या ५३ रुग्णांपैकी ५२ जण दगावले. ज्यांची तपासणी झाली होती, ते सगळे एचआयव्हीबाधित होते. त्यांच्यातही बहुतेकांचे जंतू एकाच वाणाचे निघाले.

स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासाने (२०१३) आणखी एक गोष्ट दाखवली. एरवी जंतूचा वंश आणि माणसाचं मूळ यांची जोडी जमलेली असते. एचआयव्हीमुळे ती विस्कटते. प्रतिकारशक्ती खचली की परका वाणही घर करतो.

तालुक्याच्या ठिकाणी आता गोव्यात बनणारी ट्रूनॅटसारखी यंत्रं आली. ती जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन हे औषध चालेल का, हे सांगतात. वाण सांगत नाहीत. त्यासाठी बहुतेक वेळा थुंकीतून जंतू वाढवावा लागतो, आणि एचआयव्हीबाधितांच्या थुंकीत तो अनेकदा कमीच असतो. त्यातून स्पोलिगोटायपिंगने दोन नमुने सारखे ठरले तरी लागण एकाकडून दुसऱ्याला झाली, हे सिद्ध होत नाही. त्याला संपूर्ण जनुकीय वाचनच हवं.

आळेफाट्यावरूनच जाणाऱ्या पुणे-नाशिक रस्त्यावर, भोसरीला, १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणून सुरू झालेली संस्था आहे. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांनी आण्यासारख्या गावांतल्या दुसऱ्यांदा आजारी पडलेल्यांचे नमुने मुद्दाम मागवून घ्यावेत. तोवर आरोग्य केंद्राने रुग्णाला बोल लावण्याआधी त्याच्या घरातल्या प्रत्येकाची छाती तपासावी.