किती एकराला किती एचपी?

शिंदेशाहीपासून ग्वाल्हेरला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी एक म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे माहेर. शहराबाहेर ३ एकर शेती. मोहरी आणि गहू. गेल्या दिवाळीत मेव्हण्यांनी विचारले, ‘‘जिजाजी, तुमच्याकडे उसात छोटे ट्रॅक्टर फिरतात, तसा एक घेऊ का?’’

मोह पडावा अशीच गोष्ट. पण ट्रॅक्टरचा आकार ठरतो कामावरून. आपल्या चिकोडी-निपाणी भागात ४-५ फुटी सरीत १५ ते २० एचपीचा ट्रॅक्टर आंतरमशागत करतो, भरणी करतो. विजापूरकडे द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर चालवतो. मोहरी-गव्हात मात्र पेरणी झाली की ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा. कापणीचा कम्बाइन भाड्याचाच. खोल नांगरटीला ४० एचपीच्या आसपासचा लागतो. छोट्याचे वजनच कमी, चाके जागच्या जागी फिरतात. रोटाव्हेटरही त्याला ३-४ फुटीच झेपतो. शिवाय विक्रेता सांगतो तो इंजिनचा एचपी. पीटीओला त्याहून कमी मिळतो, तो आकडा मुद्दाम विचारावा.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांच्याही आत. एवढ्यात हप्ता कसा निघणार? कर्नाटकात ‘कृषी यंत्रधारे’ केंद्रांतून अवजारे भाड्याने देण्याची सोय झाली ती यासाठीच.

मेव्हण्यांनाही मी भाड्याचाच सल्ला दिला. थोडे हिरमुसले. आता १ एकरात पेरू लावतो म्हणतात. बाग उभी राहिली तर १८-२० एचपीचा जरूर घ्या म्हटले. फक्त आधी दोन ओळींतले अंतर आणि फांद्यांखालची उंची टेपने मोजा.