जुन्या जीपचे ऑईल : गळते की जळते?



मे महिन्याच्या शेवटी पिंप्राळ्याला एका आबांच्या घरी जाणे झाले. पिंप्राळा आता जळगाव महानगरपालिकेत आले, पण तिथल्या कित्येक घरांचा जीव अजून शिवारातच आहे. गेलो होतो कपाशीच्या बियाण्याचे बोलायला आणि बोलणे निघाले जीपचे. अंगणात आबांची जुनी डिझेल जीप उभी होती. खत, मजूर, केळीची रोपे, बाजारहाट, सगळे तिच्यावरच. आबा म्हणाले, "साहेब, डिझेल पिते त्याचे काही नाही हो, पण आता ही ऑईलही प्यायला लागली. आठवड्याला लिटरभर टाकतो. मिस्त्री म्हणतो, इंजिन खोलावे लागेल. बियाण्याला ठेवलेले पैसे हिच्यात घालू का?"

मी विचारले, "आबा, ऑईल गळते की जळते?"

"ते कसे कळावे? काडीवर कमी दिसते, एवढे कळते."

बंधूंनो, इथेच आपले पैसे वाया जातात. ऑईल कमी होण्याच्या वाटा दोनच. एक तर ते इंजिनाबाहेर गळते, नाही तर आत जाऊन डिझेलबरोबर जळते. गळत असेल तर काम बहुधा पॅकिंगचे किंवा ऑईल सीलचे असते. जळत असेल तर दुखणे रिंगांचे, लायनरचे किंवा व्हॉल्वचे. पहिल्या कामाला थोडे पैसे लागतात, दुसऱ्याला कपाशीचा अर्धा हंगाम जातो. म्हणून आधी रोग ओळखावा, मग औषध. ट्रॅक्टरला आणि विहिरीवरच्या इंजिनालाही हेच लागू आहे.

पहिली पायरी म्हणजे काडी नीट बघणे. गाडी सपाट जागेवर उभी करावी. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे ऑईल खाली चेंबरमध्ये उतरते. काडी काढून फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण घालावी आणि मग वाचावी. ऑईल दोन खुणांच्या मध्ये असावे. पुष्कळ जण "कमी पडायला नको" म्हणून वरच्या खुणेच्याही वर भरतात. तसे केल्यास फिरणारा क्रँक त्या ऑईलला घुसळतो, फेस होतो, सीलवर दाब येतो आणि चांगले इंजिनसुद्धा गळू व जळू लागते. उलट, न टाकताच पातळी वाढलेली दिसली तर सावध व्हावे. डिझेलचा वास आला तर डिझेल ऑईलमध्ये उतरते आहे. ऑईल दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. या दोन्ही स्थितींत गाडी चालवू नये.

आता गळती शोधू. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा पसरावा, वर खडे ठेवावेत आणि पुढच्या चाकाच्या रेषेत खूण करावी. सकाळी डाग कुठे पडला ते बघावे. पुढे फॅन-पट्ट्याखाली असेल तर पुढचे सील. मधे असेल तर चेंबरचे पॅकिंग, ड्रेन बोल्टचे वॉशर किंवा फिल्टर. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले आहेत तिथे असेल तर मागचे सील. डाग चाकाच्या आतल्या बाजूला, पातळ आणि ओलसर असेल तर ते इंजिनाचे ऑईल नसून ब्रेकचे असू शकते. मग ऑईलचा विचार नंतर, आधी ब्रेक दाखवावा.

पण कागदाने सगळे कळत नाही. काही गळती इंजिन चालू असताना, दाब असतानाच होते. त्यासाठी थंड इंजिन ब्रश आणि रॉकेल किंवा डिझेल घेऊन बाहेरून साफ धुवावे, कोरडे पुसावे. स्टार्टर, डायनामो आणि हवेच्या तोंडावर उडू देऊ नये. मग संशयाच्या जागी खडूची बारीक पूड भुरभुरवावी आणि गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून आणावी. पूड जिथे आधी भिजली तिथे गळतीचे मूळ. एक लक्षात ठेवा, ऑईल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे जाते. म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधावी. चेंबर ओला दिसला म्हणजे चेंबरच गळतो असे नाही. गाडीखाली शिरताना चाकांना दगड लावावेत आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये.

थेंबाला हलके समजू नका. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. दर सेकंदाला एक थेंब पडला तर तासाला १८० मिलिलिटर, म्हणजे साडेपाच तासांत एक लिटर ऑईल रस्त्यावर.

आबांच्या जीपवर आम्ही हाच प्रयोग केला. पूड टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात भिजली. कोणीतरी बोल्ट इतके आवळले होते की पत्र्याचे कव्हर वाकून कॉर्कचे पॅकिंग मधून फाटले होते. ऑईलच्या दाबाचा स्विच लावतात तिथेही ओल होती. गळती दिसली की आपला हात पान्याकडे जातो, पण कॉर्कचे पॅकिंग हलक्या हाताने, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे घेत आवळायचे असते. फाटलेले पॅकिंग आवळून सुधारत नाही, ते बदलावेच लागते. बदलताना जुने पॅकिंग खरवडून काढावे आणि कव्हर सपाट आहे ना ते काचेवर ठेवून बघावे. लाल-काळ्या पेस्टचे थर चढवू नयेत. जास्तीची पेस्ट आत सुटते आणि ऑईलची जाळी बंद करते.

आता ब्रीदरबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण इथे माझ्या घरचा अनुभव आहे. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर जावा म्हणून इंजिनाला श्वासाची नळी ठेवलेली असते, तोच ब्रीदर. ही नळी तुंबली की आत दाब साठतो आणि ऑईल मिळेल त्या सीलमधून बाहेर ढकलले जाते. आमच्या घरचा ट्रॅक्टर एका पावसाळ्यात दोन महिने उभा होता. नंतर चालू केला तर चहूकडून गळू लागला. एका मिस्त्रीने रिंगा गेल्या म्हणून सांगितले. इंजिन खोलले, रिंगा बदलल्या, पैसे गेले आणि गळती तशीच! शेवटी दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने ब्रीदरच्या नळीत तार घातली. आतून वाळलेल्या मातीचा गोळा निघाला. कुंभारीण माशीने नळीत घर केले होते. वडील त्या दिवशी काही बोलले नाहीत, पण तो गोळा त्यांनी बरेच दिवस कोनाड्यात ठेवला होता. तेव्हापासून कुठलेही इंजिन गळते म्हटले की मी आधी ब्रीदर बघतो. तुम्हीही तो काढून रॉकेलने धुवावा, फुंकून बघावा.

आता जळण्याची परीक्षा. सायलेन्सरकडे बघा. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. हवा कमी, ओझे जास्त किंवा नोझल-पंपाचे काम. थंडीत सुरुवातीला पांढरा धूर आला आणि थांबला तर चिंता नको. गरम झाल्यावरही येतच राहिला आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल तर हेडचे पॅकिंग तपासावे. निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास म्हणजे ऑईल जळते आहे. सकाळी चालू करताना निळा झोत येऊन मग धूर साफ होत असेल तर व्हॉल्वच्या गाईडमधून रात्री ऑईल उतरले असे समजावे. गाडी पेट्रोलची असेल तर आणखी एक खूण आहे. कन्नडकडून चाळीसगावला औट्रम घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो. खाली येऊन पाय दिला की मागे निळा लोट निघतो, तीही गाईडचीच तक्रार. ओझे ओढताना सतत निळा धूर येत असेल तर मात्र रिंगा आणि लायनर झिजले. ब्रीदर साफ असताना, गरम इंजिन हळू चालत ठेवून ऑईल भरायची टोपी सैल करावी. तिथून भकाभका धूर फेकला जात असेल तर रिंगांची खात्रीच झाली. चेहरा लांब ठेवावा, गरम ऑईल उडते.

रिंगा झिजतात कशाने? नुसत्या वयाने नाही. आपल्या खान्देशात त्यांचा खरा वैरी धूळ. काळ्या मातीत उन्हाळ्यात नांगरट चालते, बैलगाडीच्या वाटेने जीप धावते आणि इंजिन ती हवा ओढत राहते. धूळ ऑईलमध्ये मिसळली की लायनरवर पॉलिश-पेपर घासल्यासारखे होते. ऑईल-बाथ एअर क्लीनर असेल तर धुळीच्या दिवसांत त्याची वाटी रोज, म्हणजे आठ-दहा तासांच्या कामानंतर उघडून बघावी. तळाशी गाळ बसला असेल तर धुवून नवे ऑईल खुणेपर्यंतच भरावे. खुणेच्या वर भरले तर इंजिन तेच ऑईल ओढून जाळते आणि आपण उगाच रिंगांना दोष देतो. कागदी फिल्टर असेल तर तो पाण्याने धुवू नये, जमिनीवर आपटू नये. क्लीनरकडून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी काढून आतून पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर माती लागली तर नळी चिरली आहे किंवा क्लिप सैल आहे. एका क्लिपसाठी इंजिन गमावलेले शेतकरी मी पाहिले आहेत.

धूर लपवायला इंजिनात गिअरचे ९० नंबर ऑईल मिसळण्याची खोड आपल्याकडे आहे. गाडी विकायची असली की हमखास! जाड ऑईल सकाळी वेळेवर वर चढत नाही आणि बेअरिंग कोरडी फिरतात. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच ऑईल वापरावे. पुष्कळ डिझेल जीपना १५डब्ल्यू-४० चालते. इंजिन झिजलेले असेल तर मिस्त्रीला विचारून २०डब्ल्यू-५० घालता येते, त्याच्या पुढे जाऊ नये. डबा सीलबंद घ्यावा आणि रिकामा झाल्यावर फोडून टाकावा, नाही तर त्यातच कोणी भेसळीचे भरतो.

जळणाऱ्या ऑईलचा सगळ्यात मोठा धोका सांगायचा राहिलाच. डिझेल इंजिन ऑईल जास्त ओढू लागले तर ते त्या ऑईलवरच पळते. चावी बंद केली, डिझेल तोडले, तरी थांबत नाही, उलट वेग वाढत जातो. अशा वेळी गाडीत बसलेले असाल तर वरचा गिअर टाकून ब्रेक पूर्ण दाबावा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. नाही तर हवेच्या तोंडावर जाड फळी घट्ट दाबावी. हात किंवा सैल फडके लावू नये, ते आत ओढले जाते. जमले नाही तर दूर व्हावे, माणसे बाजूला करावीत. इंजिन गेले तरी चालेल. तसेच मॅनिफोल्डवर ऑईल टपकत असेल तर ती गाडी कापूस किंवा कडबा भरायला नेऊ नये. ठिणगी लागायला निमित्त पुरते.

मागचे सील गळत असेल तर घाई किती करावी? थेंब-दोन थेंब असेल तर थांबता येते. पण क्लच सुटू लागला, चढावर इंजिन ओरडते आणि गाडी पुढे जात नाही, असे झाले तर ऑईल क्लच प्लेटवर गेले आहे. ते सील बदलायला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, म्हणून क्लच प्लेटचे काम निघेल तेव्हा सीलही त्याच फेरीत बदलून घ्यावे.

इंजिन खोलावे की नाही, यासाठी गाडीत एक वही ठेवा. किती किलोमीटर झाले, किती ऑईल टाकले, एवढेच लिहा. ट्रॅक्टर असेल तर तास लिहा. माझे मत असे की, जुन्या जीपला हजार किलोमीटरला अर्धा-पाऊण लिटर लागत असेल, ओढ चांगली असेल आणि धूर फार नसेल, तर ऑईल टाकत चालवावी. आकडा महिन्यामहिन्याला वाढत असेल, ओढ गेली असेल, सकाळी धक्का मारावा लागत असेल, तर काम काढावे, तेही पीक हातात आल्यावर. खोलण्याआधी मिस्त्रीला कॉम्प्रेशन मोजून दाखवायला सांगावे. आणखी एक, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे धुराचे प्रमाणपत्र लागते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते. गाडी त्या वयाला आली असेल तर मोठा खर्च करण्यापूर्वी ती तपासणीत पास होईल का, हा विचार करावा.

आबांनी टॅपेट कव्हरचे पॅकिंग आणि स्विच बदलला, कव्हर ठोकून सरळ करून घेतले. बियाण्याचे पैसे बियाण्याला गेले. पुढे पोळ्याच्या सुमारास भेटले तेव्हा वही दाखवली. आठवड्याचा लिटर आता महिन्यावर गेला होता. सकाळी थोडा निळा धूर अजून येतो, ते व्हॉल्व गाईडचे काम दिवाळीनंतर बघू म्हणाले.

काढलेल्या काळ्या ऑईलचे काय करावे, असेही त्यांनी विचारले. ते विहिरीजवळ, बांधावर किंवा नाल्यात ओतू नये. बैलाच्या खांद्याला किंवा जखमेलाही लावू नये, त्यात इंजिनाच्या झिजेची धातूची पूड आणि विषारी द्रव्ये असतात. जखमेला जनावरांच्या डॉक्टरांकडून मलम आणावे. आपला हातही साबणाने धुवावा. ऑईल झाकणाच्या डब्यात साठवावे आणि गॅरेजमधून जुने ऑईल नेणाऱ्या परवानाधारकाला द्यावे.