रुळांखालचे काँक्रीट आणि आपली जबाबदारी

रेल्वेचा विषय निघाला की चर्चा होते ती गाड्यांच्या वेळांची, भाड्याची आणि स्थानकांच्या सजावटीची. हुबळीचा १,५०७ मीटर लांबीचा फलाट जगातील सर्वांत लांब फलाट ठरला, ही वार्ता मार्च २०२३ मध्ये सर्वतोमुखी झाली होती. त्याच हुबळीहून धारवाडकडे निघालेली गाडी उणकलचे छोटेसे स्थानक ओलांडून पुढे जाते, तेव्हा तिचा सारा भार ज्यांच्या पाठीवर पडतो त्या रुळांखालच्या स्लीपरांची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. हुबळी आणि धारवाड यांमधील अंतर सुमारे वीस किलोमीटरांचे. एका किलोमीटरला १,६६० स्लीपर हे मुख्य मार्गावरील प्रचलित प्रमाण धरले तर या दोन शहरांदरम्यान एकेका मार्गाखाली तेहतीस हजारांहून अधिक स्लीपर निमूटपणे पडून आहेत. त्यांतील प्रत्येकाची घडण कशी झाली आणि पुढे निगा कशी राखली जाते, यावर हजारो जीवांची सुरक्षितता अवलंबून आहे. हा विषय केवळ इंजिनिअरांचा नव्हे, असे आमचे मत आहे.

उणकल हे नाव गोमंतकीय वाचकास दूरचे वाटेल. पण ते आपल्याच वाटेवरचे आहे. मुरगाव बंदरातून निघालेला लोहमार्ग कुळे, दूधसागर, कॅसलरॉक, लोंढा, अळणावर आणि धारवाड असा चढत उणकलवरून हुबळीला पोचतो. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीने दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात रूळ पसरले आणि १८८८ च्या सुमारास ते मुरगावहून आलेल्या मार्गास जोडले गेले. एक मीटर रुंदीचा तो मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. २००३ मध्ये नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय हुबळीस आले. एके काळी बेळ्ळारी-होस्पेटचे खनिज या मार्गाने बंदराकडे येई. आज बंदरात उतरलेला कोळसा त्याच मार्गाने घाटमाथ्यावरच्या पोलाद कारखान्यांकडे जातो. प्रवासी गाडीपेक्षा मालगाडीचा भार रुळांना अधिक जाचतो, हे वेगळे सांगावयास नको.

पहिली अनेक दशके हा भार लाकडाने वाहिला. साग, साल, देवदार अशा वृक्षांचे ओंडके चिरून त्यांचे स्लीपर होत. मैलाला सुमारे दोन हजार नग लागत आणि क्रिओसोट तेल मुरवलेले लाकूडही सामान्यतः बारा-पंधरा वर्षांत बदलावे लागे. म्हणजे एकदा मार्ग टाकला की जंगलाची सुटका नसे. दर पंधरा वर्षांनी तेच जंगल पुन्हा रुळांखाली येई. १८६४ साली ब्रिटिश सरकारने वनखाते स्थापन करून डीट्रिख ब्रॅंडिस या जर्मन वनशास्त्रज्ञास त्याचा प्रमुख नेमले, त्यामागे रेल्वेची ही भूक हे एक मोठे कारण होते. उत्तर कानडा जिल्ह्यातील सागवानाची ख्याती सर्वश्रुत आहे. काळी नदीच्या खोऱ्यातील जंगलाने या भुकेची किंमत किती मोजली असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

लाकडास पर्याय म्हणून लोखंड आले. बिडाच्या दोन थाळ्या आणि त्यांना जोडणारी पट्टी अशा घडणीचा ‘सीएसटी-९’ हा स्लीपर भारतात दीर्घकाळ वापरात होता. पोलादी पत्र्याचे पन्हाळीसारखे स्लीपरही सर्वत्र दिसत. पण लोखंडाला गंज चढतो, आणि किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत तो लवकर चढतो. शिवाय दोन्ही रूळ लोखंडाने जोडले गेल्यावर त्यांतून सिग्नलचा विद्युतप्रवाह स्वतंत्रपणे खेळवणे दुष्कर होते. गाड्या वेगवान झाल्या, सिग्नल विजेवर आले आणि लोखंडी स्लीपर मागे पडले.

काँक्रीटची कहाणी सांगताना उणकल येथील चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वर मंदिराचे उदाहरण उपयोगी पडते. अशा मंदिरांत खांब एकमेकांच्या इतके जवळ का असतात? दगड दाबाला अत्यंत बळकट, पण ताणाला दुबळा असतो. लांब दगडी तुळई दोनच खांबांवर टेकवली तर तिची खालची बाजू ताणली जाते आणि ती मधोमध तडकते. म्हणून शिल्पकारांनी तुळया आखूड ठेवल्या व खांब वाढवले. काँक्रीट हा एक प्रकारे ओतीव दगडच आहे. त्याचा गुण तोच आणि दोषही तोच. जोसेफ मोनिए या फ्रेंच बागवानाने १८६७ मध्ये लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट घेतले आणि पुढे रेल्वेच्या स्लीपरांसाठीही तीच युक्ती सुचवली. पण नुसती सळई घातलेले स्लीपर गाड्यांचे लाखो हादरे सोसताना तडकू लागले. काँक्रीटला तडा गेल्याखेरीज आतली सळई पुरते काम करू लागत नाही, ही त्यातली खरी अडचण होती.

तिची सोडवणूक युजीन फ्रेसिने या फ्रेंच इंजिनिअराने केली. १९२८ साली त्याने पेटंट घेतलेले तत्त्व ऐकावयास सोपे आहे. उच्च प्रतीच्या पोलादी तारा आधी ताणून धरावयाच्या, त्यांभोवती काँक्रीट ओतावयाचे आणि ते घट्ट झाल्यावर तारा सोडून द्यावयाच्या. आखडू पाहणाऱ्या तारा काँक्रीटला कायमचे आवळून धरतात. पुढे चाकाच्या भाराने ताण आला तरी तो आधी या आवळीला सैल करण्यातच खर्ची पडतो आणि तडा जात नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाचा तुटवडा जाणवू लागला तेव्हा तेथे असे पूर्वताणित स्लीपर मोठ्या प्रमाणावर घडवले जाऊ लागले. फ्रान्सने दोन काँक्रीटचे ठोकळे पोलादी दांड्याने जोडण्याची हलकी पद्धत पसंत केली; पण दमट व खारट हवेत तो उघडा दांडाच गंजाचे घर ठरू शकतो. भारताने मुख्यत्वे एकसंध स्लीपर स्वीकारला.

लखनौच्या संशोधन, अभिकल्प व मानक संघटनेने ब्रॉडगेजसाठी आखलेला आणि सर्वाधिक प्रचारात असलेला स्लीपर २.७५ मीटर लांबीचा आहे. त्याच्या पोटात प्रत्येकी तीन तारा पिळून केलेले अठरा पोलादी पीळ असतात व त्यांतील प्रत्येक पीळ काँक्रीट ओतण्यापूर्वी सुमारे पावणेतीन टनांच्या जोराने ताणलेला असतो. या एका नगाचे वजन २८० किलोंच्या घरात जाते. लाकडी स्लीपरच्या तिपटीहून अधिक. रूळ जेथे बसतो तेथे त्याची उंची २१ सेंटिमीटर, तर मध्यभागी १८ सेंटिमीटर असते. हा फरक शोभेसाठी नाही. रुळाखाली स्लीपरची खालची बाजू ताणली जाते. पण टोकांखालची खडी खचून मध्यभागी घट्ट आधार उरला, तर मधली वरची बाजू ताणली जाऊन तेथे तडा जातो. म्हणजे स्लीपरचे आयुष्य कारखान्यात अर्धेच ठरते. उरलेले अर्धे त्याच्याखालील खडी नीट ठेवणाऱ्यांच्या हाती असते.

वजनाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. पूर्वी रूळ सुमारे तेरा मीटरांचे असत आणि दर सांध्यावर चाकांची खडखड ऐकू येई. तो ताल आता बहुतांशी नाहीसा झाला, कारण रूळ एकमेकांस जोडून मैलोगणती अखंड केले गेले आहेत. पोलाद मात्र आपला धर्म सोडीत नाही. एक किलोमीटर मोकळा रूळ तीस अंशांनी तापला तर तो सुमारे ३४ सेंटिमीटरांनी वाढू पाहतो. त्याला वाढू द्यावयाचे नाही, तर किलोमीटराला साठ किलो नव्हे, मीटराला साठ किलो वजनाच्या एकेका रुळात पन्नास टनांहून अधिक दाब कोंडून ठेवावा लागतो. तो दाब आवरण्याचे काम लवचिक चाप, रबरी पट्टी, जड स्लीपर आणि भोवतालची खडी ही चौघे मिळून करतात. त्यांतील एक जरी ढिला पडला तरी भर उन्हात रूळ सापासारखा वाकडा होऊ शकतो. आपल्याला झोप लागावी इतका शांत झालेला प्रवास या कोंडलेल्या दाबावर उभा आहे.

काँक्रीटचे आयुष्य चाळीस-पन्नास वर्षांचे मानले जाते. हे आयुष्य आपोआप मिळते, या समजुतीलाच आमची हरकत आहे. लाकूड कुजले की दिसते आणि हातोड्याने ठोकले की बोलते. काँक्रीटचा दोष त्याच्या जन्मातच दडलेला असू शकतो व तो वर्षानुवर्षे डोळ्यांना दिसत नाही. साचे लवकर रिकामे व्हावेत म्हणून कारखान्यात ओल्या काँक्रीटला वाफ देतात. ही वाफ साधारणतः सत्तर अंशांच्या पुढे गेली तर सिमेंटमधील एका संयुगाची घडण लांबणीवर पडते. पुढे पावसापाण्यात तेच संयुग घट्ट झालेल्या काँक्रीटच्या आत तयार होऊन फुगू लागते आणि स्लीपर आतून उलतो. फिनलंडमधील अशा स्लीपरांचा अभ्यास १९८७ साली व ऑस्ट्रेलियातील स्लीपरांचा १९९२ साली प्रसिद्ध झाला. दोष ध्यानात आला तो स्लीपर रुळांखाली गेल्यानंतर. काही खडींतील सिलिका आणि सिमेंटमधील अल्कली यांच्या संयोगानेही असाच उत्पात घडतो. तासाभराची घाई पन्नास वर्षांच्या आयुष्याला अशी नडते.

हे धोके ज्यांना पाणी लागते ते आपल्या घाटात मुबलक आहे. कॅसलरॉक ते कुळे हा सदतीस फुटांना एक फूट अशा उतरणीचा मार्ग पावसाळ्यात महिनोन् महिने भिजत असतो. जुलै २०२१ मध्ये दूधसागर आणि सोनावली यांच्या दरम्यान दरड कोसळून प्रवासी गाडी रुळांवरून घसरली, तर ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच परिसरात कोळशाच्या मालगाडीचे डबे घसरले. रुळांवरून उतरलेले चाक लाकडी स्लीपरवर खोल वण उमटवते. काँक्रीटचे स्लीपर मात्र ओळीने फोडीत जाते. ते जागच्या जागी दुरुस्त होत नाहीत, आणि इतके जड नग त्या दरीकाठी माणसांच्या खांद्यावरून नेणे किती कठीण आहे हे सांगावयास नको. तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे या टप्प्याच्या दुपदरीकरणास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द ठरवली. त्या वादाची येथे चर्चा करण्याचे प्रयोजन नाही. परंतु घाटातला मार्ग एकच असेल, तर त्या एका मार्गाची निगा दुप्पट दक्षतेने घेतली पाहिजे, एवढे तरी दोन्ही पक्षांना मान्य व्हावे.

पोलादी पुलांवर काँक्रीट फार जड पडते, म्हणून तेथे लाकडाच्या जागी पोलादी पन्हाळी व अलीकडे मिश्र पदार्थांचे स्लीपर आले. जपानने काचतंतू व फेसाळ प्लास्टिक यांच्या मिश्रणाचे स्लीपर १९८० च्या दशकापासून वापरले आहेत. ते लाकडासारखे कापता येतात आणि कुजत नाहीत. त्यांची किंमत जबर आहे. तरीही जेथे स्लीपर पुन्हा पुन्हा बदलणे अवघड, तेथे प्रथमची किंमत हा एकमेव निकष असू नये.

मग करावयाचे काय? प्रत्येक काँक्रीट स्लीपरवर कारखान्याची खूण आणि घडणीचे वर्ष उमटवलेले असते. तोच त्याचा जन्मदाखला. त्या खुणेवरून वाफेचे तापमान, सिमेंटची प्रत व चाचणीचा निकाल यांची नोंद पन्नास वर्षांनंतरही सापडली पाहिजे. कोणत्या कारखान्याचे किती नग नाकारले गेले आणि रुळांखाली गेल्यावर किती वर्षांत किती निकामी झाले, हे आकडे रेल्वेने दरवर्षी जनतेपुढे ठेवावेत. खाऱ्या आणि दमट टापूत चापांना ठरावीक मुदतीत वंगण मिळते की नाही आणि घाटातील गटारे पावसापूर्वी मोकळी होतात की नाही, याची तपासणी कागदावर उरकू नये. खडी भरणारी यंत्रे आली म्हणून माणसाची गरज संपली, या भ्रमातही कोणी राहू नये. मुसळधार पावसात टॉर्च घेऊन रुळांवरून चालणाऱ्या ट्रॅकमनच्या नजरेला जो बारीक तडा दिसतो तो यंत्राला दिसेलच असे नाही. त्याच्या रिकाम्या जागा भरणे व त्याच्या जिवाची काळजी घेणे हादेखील स्लीपरच्या देखभालीचाच भाग आहे.

काँक्रीटने काळी खोऱ्यातील साग वाचवला, हे त्याचे मोठे ऋण आपण मानले पाहिजे. पण सिमेंटसाठीही चुनखडीचे डोंगर फुटतात आणि भट्ट्या पेटतात. पन्नास वर्षे टिकावयाचा स्लीपर दहा वर्षांत निकामी झाला, तर झाड वाचवून डोंगर गमावल्यासारखे होईल आणि वर प्रवाशांचा जीव टांगणीला लागेल. रेल्वेने फलाट लांब करावेत, डबे चकचकीत करावेत; त्याला कोणाची ना नाही. परंतु अंदाजपत्रकाला कात्री लावावयाची वेळ येईल तेव्हा ती रुळांखालच्या कामाला लावली जाणार नाही, याची हमी तिने द्यावी. ती हमी मागण्याचा अधिकार तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाचा आहे.