कागदावरची पृथ्वी आणि घाटातला कातळ

पृथ्वीचा वाटोळा पृष्ठभाग सपाट कागदावर उतरवताना सर्व ठिकाणची अंतरे यथातथ्य राखणे अशक्य आहे, आणि ही अडचण नकाशा काढणाराच्या कसबाची नसून भूमितीचीच आहे, हे कार्ल फ्रीडरिख गाउस या जर्मन गणितज्ञाने 1827 मध्ये निर्विवादपणे सिद्ध केले. तेव्हा गोलावरील रेषा कागदावर आणण्याची प्रत्येक रीत, जिला शास्त्रात प्रक्षेपण म्हणतात, ती एक तडजोड असते. कशाच्या रक्षणासाठी कशावर पाणी सोडले, एवढेच पाहायचे. मर्केटरने 1569 मध्ये खलाशांच्या सोयीसाठी दिशा राखली आणि क्षेत्रफळ सोडून दिले. परिणामी त्याच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेच्या बरोबरीचे भासते, वस्तुतः आफ्रिका त्याच्या चौदापट आहे, आणि ग्रीनलंड आपल्या भारताच्या दोन-तृतीयांशांएवढेच भरेल. जे प्रक्षेपण दर्यावर्दी माणसासाठी योजले, ते शाळांच्या भिंतींवर जगाचे यथार्थ चित्र म्हणून लावले जावे, ही गोष्ट मला फार खेदाची वाटते.

परंतु प्रक्षेपणाच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो : ज्या पृथ्वीचे प्रक्षेपण करायचे, तिचा आकार नेमका कोणता मानायचा? ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, आणि ते चपटेपण प्रत्यक्ष मोजल्यावाचून कळत नाही. भारतात या मोजणीचा पाया विल्यम लॅम्बटन याने 1802 मध्ये मद्रासजवळ घातला. जमिनीवर एक पायारेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजायची, तिच्या दोन्ही टोकांहून दूरच्या टेकडीचे कोन थिओडोलाइटने घ्यायचे, आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडीत उत्तरेकडे सरकायचे, हा त्याचा शिरस्ता. या कामातच तो 1823 च्या जानेवारीत आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटच्या मुक्कामी निवर्तला, आणि तेथेच त्याची कबर आहे. त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्ट याने ही साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली, आणि या मोजणीतून 1830 मध्ये त्याने पृथ्वीचा जो आकार निश्चित केला, तो मध्य भारतातील कल्याणपूर या स्थानाशी बांधून आपल्या देशाचे नकाशे पुढे दीर्घकाळ काढले गेले.

त्या परंपरेतील स्थलदर्शक नकाशांची वाटणी पाहण्याजोगी आहे. चार अंश लांबीरुंदीच्या प्रत्येक चौकटीला एक क्रमांक. तिचे एकेक अंशाचे सोळा भाग, त्यांना रोमन अक्षरे. आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा भाग. पुणे शहराचे पत्रक ‘47 एफ/14’ या नावाने ओळखले जाते, ते असे. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने मात्र सर्वसामान्यांसाठीच्या पत्रकांकरिता ‘डब्ल्यूजीएस 84’ हा जागतिक आकार आणि ‘यूटीएम’ हे प्रक्षेपण स्वीकारले. यूटीएममध्ये पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ पट्टे पाडलेले असतात, आणि अंश-कलांऐवजी सरळ मीटरांत स्थान सांगता येते. महाराष्ट्र यांपैकी दोन पट्ट्यांत विभागला गेला आहे : अमरावती 43 व्या पट्ट्यात, नागपूर 44 व्या. 43 व्या पट्ट्याची मध्यरेषा 75 रेखांशाची. तिच्या पश्चिमेला ऋण संख्या येऊ नयेत म्हणून तिलाच 5,00,000 हा आकडा बहाल केलेला असतो, त्यामुळे पुण्याचे स्थान पूर्वेकडे सुमारे 3,79,000 आणि विषुववृत्तापासून उत्तरेकडे सुमारे 20,48,000 मीटर असे मांडले जाते.

आता हा सारा तपशील कातळाच्या अभ्यासकाला कशासाठी हवा, ते पाहू. भूशास्त्रीय नकाशा म्हणजे कोणत्या जागी कोणता खडक उघडा पडला आहे याची नोंद, आणि दोन खडकांच्या हद्दीची रेषा. जेथे थर कललेले असतात, तेथे अभ्यासक होकायंत्राने थराची आडवी दिशा व कलमापकाने उताराचा कोन, म्हणजे नतिलंब आणि नती, टिपून घेतो. आपल्या सह्याद्रीत सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक जवळजवळ आडवे पसरले आहेत, त्यांची नती बहुधा एका अंशाहूनही कमी. त्यामुळे दोन थरांमधील हद्द दऱ्याखोऱ्यांतून समोच्चरेषांना समांतर धावत जाते. घाटरस्त्याच्या कापात काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये तांबड्या, भाजल्यासारख्या मातीचा हात-दीड हात जाडीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंडावून त्याची माती होऊ लागल्यावर दुसरा त्यावरून वाहिला, याचा तो दाखला. असा पट्टा एका खिंडीत ज्या उंचीवर सापडला, त्याच सुमाराच्या उंचीवर तो शेजारच्या डोंगरसोंडेवर शोधायचा, असे हे काम चालते.

येथेच घात होतो. हातातील उपग्रहयंत्र स्थान सांगते ते जागतिक आकारावरून, आणि जुने पत्रक असते एव्हरेस्टच्या आकारावर बेतलेले. आपल्या भागात या दोहोंतील तफावत शंभर मीटरांच्या घरात किंवा त्याहून थोडी अधिक भरते. 1:50,000 प्रमाणावर शंभर मीटर म्हणजे अवघे 2 मिलिमीटर. पण तीस अंशांच्या घाटउतारावर तेवढ्या सरकण्याने उंची सुमारे 58 मीटरांनी चुकू शकते, म्हणजे वीस-वीस मीटरांच्या जवळजवळ तीन समोच्चरेषा ओलांडल्या जातात. सपाट शेतात ज्या चुकीची कोणाला दादही लागली नसती, ती येथे लाव्ह्याचा एक अख्खा थर गिळू शकते. म्हणून जाणता अभ्यासक यंत्रातील आकाराची निवड पत्रकाशी जुळवून घेतो, आणि वर ओढ्याचा संगम, खिंड, देऊळ अशा खुणांवरून आपली जागा पारखून घेतो.

भूमोजणी आणि भूशास्त्र यांचा संबंध उलट दिशेनेही जडलेला आहे. कल्याणपूर आणि उत्तरेकडील कल्याना या दोन स्थानांच्या अक्षांशांतील अंतर एव्हरेस्टच्या त्रिकोणांवरून एक येई आणि ताऱ्यांच्या वेधांवरून दुसरे; फरक 5.236 विकलांचा. हिमालयाचे वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढून घेत असावे, असे मानून कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांनी हिशेब केला, तो फरक 15.885 विकला, म्हणजे प्रत्यक्षाच्या तिप्पट यायला हवा होता. एवढा प्रचंड पर्वत इतका कमी का ओढतो? 1855 मध्ये इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचवले, की पर्वताच्या खाली हलक्या खडकाचे मूळ खोलवर गेलेले असून त्याने तेथील जड द्रव्याची जागा व्यापली आहे. प्रॅट यांनी पुढे वेगळी उपपत्ती मांडली, तीत पर्वताखालील स्तंभच कमी घनतेचा मानला होता. भूकंपलहरींच्या अभ्यासाने हिमालयाखालचे कवच खरोखरच फार जाड असल्याचे पुढे दिसून आले.